तहानेची वाट

सायला ही कीड पानावर सपाट बसत नाही. डोकं खाली, पाठ वर उचललेली, अशी तिरपी होऊन ती तासन्‌तास एका जागी राहते. लांबी तीन-चार मिलिमीटर, पंखांवर तपकिरी डाग. संत्र्याच्या शेंड्यावर चार-सहा जणी बसलेल्या असल्या तरी नजर सहज पुढं सरकते. पण त्या तिरप्या रेषेची एकदा ओळख झाली, की मग शेंडा दिसला रे दिसला की डोळे आधी तिलाच शोधतात. माझं तसं झालं आहे. कुणाच्या अंगणात लिंबाचं झाड दिसलं की मी फळांकडं नंतर बघते, आधी वाकून नवती बघते.

आमच्या वरुड-मोर्शीकडं बागेचं सगळं वर्ष नवतीवर मोजलं जातं. थंडीत झाडाला पाण्याचा ताण द्यायचा, जानेवारीत ताण तोडायचा, की फुलं आणि कोवळी पालवी बरोबरीनं फुटते. तो आंबिया बहार. पावसाच्या पहिल्या सरींनंतर येतो तो मृग. या दिवसांत बागेत पाऊल टाकलं की जुन्या गडद पानांच्या वर एक फिका, ओलसर हिरवा थर तरंगताना दिसतो आणि फुलांच्या वासानं डोकं जड होतं. नेमक्या याच दिवसांत सायला अंडी घालते, आणि फक्त याच पालवीत घालते. जून पान तिच्या पिलांच्या कामाचं नसतं. न उलगडलेल्या पानांच्या घडीत ती पिवळी अंडी रोवते. एक मादी आयुष्यात आठशेपर्यंत अंडी घालू शकते. झाड वर्षातल्या सगळ्यात देखण्या अवस्थेत असतं, तेव्हाच ते सगळ्यात उघडंही असतं.

तिची तहान समजून घ्यावी लागते. तिला पान खायचं नसतं, पाणीही नको असतं. तिला हवा असतो तो पानात तयार होऊन खोडाकडं, मुळाकडं, फळाकडं निघालेला गोड रस. हा रस झाडाच्या सालीखालच्या रसवाहिन्यांतून वाहतो. केसाहून बारीक सोंड ती पानात घालते, आणि पेशींच्या मधून वाट काढत जाते. जाताना स्वतःची लाळ सोडत जाते. ती लाळ घट्ट होऊन सोंडेभोवती नळी बनते. रसवाहिनी लगेच सापडत नाही, कधी दोन तासांहून जास्त वेळ हा शोध चालतो. वाहिनी लागली की आधी तिच्यात थोडी लाळ सोडायची आणि मग प्यायचं. आधी देणं, मग घेणं. रोगाची सगळी कथा या क्रमात दडलेली आहे.

त्या रसात साखर भरपूर आणि बाकी पोषण फार थोडं. नुसत्या त्याच्यावर कुठलाही कीटक वाढू शकला नसता. सायला वाढते, कारण तिच्या पोटात एक छोटं पिवळं इंद्रिय आहे आणि त्यात दोन जातींचे जिवाणू वस्तीला आहेत. त्यांतला एक, कार्सोनेला, तिला रसात न मिळणारी अमिनो आम्लं बनवून देतो. दुसरा, प्रॉफ्टेला, असं विष बनवतो की जे तिच्या शत्रूंपासून तिचं रक्षण करत असावं. आई हे दोघे अंड्यातूनच लेकीला देते. बाहेर कुठल्या मातीत, कुठल्या पाण्यात ते स्वतंत्र जगत नाहीत. लक्षावधी वर्षांच्या सोबतीत ते तिचे अवयवच होऊन गेले आहेत. जिवाणू म्हटलं की आपल्या मनात रोगच येतो, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्या इवल्या देहात एक घर आधीच भरलेलं आहे, आणि ते सुखानं नांदतं आहे.

त्या घरात एक तिसरा येतो. त्याचं नाव लिबरिबॅक्टर. संत्रा, मोसंबी, लिंबू या सगळ्यांना होणाऱ्या ग्रीनिंग रोगाचा हा जिवाणू. प्रयोगशाळेत एकट्यानं वाढवायला गेलं तर तो आजवर नीट वाढलेला नाही. त्याला झाडाची रसवाहिनी तरी लागते, नाहीतर सायलेचा देह. आजारी झाडाच्या रसातून तो तिच्या आतड्यात उतरतो. तिथंच राहिला असता तर तो पचला असता, बाहेर पडला असता. पण तो आतड्याच्या भिंतीतून पलीकडं जातो, तिच्या रक्तात उतरतो, वाढतो, आणि फिरत फिरत लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचतो. याला काही दिवस जातात. तेवढे दिवस ती रोग घेतलेली असते, पण देऊ शकत नाही. मग एके दिवशी ती दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावर बसते, वाहिनी शोधते, रीतीप्रमाणे आधी लाळ सोडते.

यातही वयाचा फरक आहे. प्रौढ सायलेनं आजारी झाडाचा रस प्यायला तर ती वाहक होते, पण कमी. जी पिल्लू असताना आजारी नवतीवर वाढली, तिच्यात जिवाणू भरपूर मुरलेला असतो आणि ती मरेपर्यंत तो वाहते. तान्ह्या बाळाला घुटी पाजावी, तशी ती रोग पिऊन मोठी होते. पिलांना पंख नसतात. ती कुठं जाऊ शकत नाहीत. ज्या झाडावर आईनं अंडी घातली, त्या झाडाचं जे आहे ते त्यांच्या वाट्याला येतं. पंख फुटले की ती उडतात. फ्लोरिडातल्या अभ्यासात बारा दिवसांत दोन किलोमीटरपर्यंत गेलेल्या सायला सापडल्या आहेत.

कीटक झाडाचा रोग वाहतो, हे माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक नव्हतं. अमेरिकेत मर्टन वेट यांनी १८९१ साली दाखवून दिलं, की नासपतीचा मोहोर करपवणारा जिवाणू मधमाश्या एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात. तिथं वाहणं अगदी वरवरचं आहे: अंगाला, तोंडाला चिकटलं ते पुढच्या फुलात सांडलं. मधमाशीच्या आत काहीच घडत नाही. इटलीच्या दक्षिण टोकाला, सालेंतो भागात, २०१३ साली ऑलिव्हची शतकानुशतकं उभी असलेली झाडं वाळायला लागली तेव्हा वेगळाच प्रकार समोर आला. तिथला झायलेला हा जिवाणू झाडाच्या जलवाहिन्यांत राहतो, आणि गवतावर फेसाच्या बुडबुड्यात वाढणारा एक किडा तो नेतो. जिवाणू त्या किड्याच्या घशाच्या आतल्या अस्तराला थर करून चिकटतो, रक्तात उतरत नाही. पिल्लानं कात टाकली की त्या अस्तराबरोबर रोगही गळून पडतो आणि पिल्लू पुन्हा स्वच्छ होतं. मला हे वाचून फार वेळ काही सुचलं नव्हतं. एका किड्याला कात टाकून मोकळं होण्याची सोय आहे; सायलेला नाही, कारण तिचा रोग कातडीवर नाही, रक्तात आहे.

आपल्याकडं वांग्याचा बोकड्या बहुतेक सगळ्यांनी पाहिला असेल. पानं बारीक होत जातात, फांद्यांचा झुपका होतो, फूल येत नाही आणि आलं तर हिरवं, पानासारखं येतं. वांगं धरायचं तर नावच नाही. हाही जिवाणूच, पण भोवती भिंत नसलेला. १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांनी तुतीच्या अशाच रोगात तो पहिल्यांदा पाहिला, तोवर या रोगांना विषाणूचे रोगच समजत. त्याला तुडतुडे नेतात. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या शास्त्रज्ञांनी त्याच कुळातल्या एका जिवाणूचं प्रथिन वेगळं काढलं आणि दाखवलं, की तेवढं एक प्रथिन फुलाला पान बनवायला पुरतं, आणि तशी झाडं तुडतुड्यांना जास्त ओढून घेतात. म्हणजे वांग्याचं ते झाड जिवंत असतं, हिरवं असतं, वाढतही असतं, पण आता ते स्वतःच्या बियांसाठी जगत नाही. शेतकरी ते उपटून टाकतो तेव्हा त्याला हे सगळं माहीत नसतं, तरी त्याचा निर्णय अगदी बरोबर असतो.

संत्र्याचं झाड इतकं उघड सांगत नाही. म्हणूनच त्याच्या रोगाचा उलगडा व्हायला इतकी वर्षं लागली असावीत. पंजाबात, त्या वेळच्या लायलपूरला, मोहम्मद अफझल हुसेन आणि दीनानाथ या दोघांनी १९२७ साली सायलेवर सविस्तर लिहिलं. तिची अंडी, पिलं, तिनं उद्ध्वस्त केलेल्या बागा, बेचव झालेली फळं, सगळं त्यांनी बारकाईनं टिपलं. त्यांना वाटलं, ही किडीच्या पिण्याचीच हानी आहे. आज ते वर्णन वाचणाऱ्या अनेक अभ्यासकांना त्यात ग्रीनिंगच दिसतो. निरीक्षण पक्कं होतं, फक्त त्या किडीच्या लाळेत कोण बसलं आहे ते बघायचं साधन तेव्हा नव्हतं. दक्षिण चीनमध्ये लिन कुंग-श्यांग यांनी १९५६ साली सिद्ध केलं, की हा रोग कलमातून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो. तोवर कुणी तो जमिनीचा दोष मानत होतं, कुणी पाण्याचा. आणि सायला हाच त्याचा वाहक आहे, हे भारतात १९६७ साली कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी दाखवलं. कपूर पुण्याला भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या केंद्रात काम करत. पुण्याच्या त्या केंद्रावरून जाताना मला दर वेळी हे आठवतं. जगभरच्या संत्र्याच्या बागांना ज्या माहितीची आज गरज आहे, तिचा एक मोठा तुकडा आपल्या मातीत सापडला आणि तो आपल्याच लोकांना फारसा ठाऊक नाही.

आमच्या आबाजींना यातलं काही वाचायला मिळालं नव्हतं. पण त्यांनी झाडं पाहिली होती. बांधाकडच्या एका झाडाची एकच फांदी पिवळी पडली, तेव्हा घरातले सगळे म्हणाले, जस्त कमी पडलं. फवारणी झाली. आबाजी मात्र त्या फांदीची पानं हातात घेऊन उन्हाकडं धरून बघत राहिले. मला जवळ बोलावून म्हणाले, "पाय वं पोरी, जस्ताचं पिवळं दोन्ही अंगानं सारकं असते. याच्यात एक अंग येगळं, एक अंग येगळं." खरंच, मधल्या शिरेच्या एका बाजूला जो पिवळा डाग होता, तो दुसऱ्या बाजूला त्या जागी नव्हता. पुढं कृषी महाविद्यालयात शिकताना पुस्तकात ग्रीनिंगची खूण म्हणून नेमकं हेच लिहिलेलं मला सापडलं. पुस्तकानं कारणही दिलं होतं: रसवाहिन्या जागोजाग तुंबतात, पानात तयार झालेली साखर बाहेर पडू शकत नाही, पिष्ट होऊन साचते आणि पानाचा हिरवेपणा तुकड्यातुकड्यानं मोडते. पान उपाशी नसतं, भरून गुदमरलेलं असतं. उपाशी असतात ती मुळं.

पुढच्या आंबियाला त्या झाडाची फळं वाकडी धरली. देठाकडं रंग आला, खाली हिरवीच राहिली. कापली तर बिया काळ्या, पोचट. मग शेंड्यांकडून सल धरली आणि झाड वाळत आलं. सगळ्याच वाळत्या झाडांना ग्रीनिंग झालेला असतो असं नाही. आमच्याकडं डिंक्या आहे, मूळकुज आहे, काळ्या जमिनीत साचून राहणारं पाणी आहे, उन्हाळ्यात आटलेल्या विहिरी आहेत. एकाच झाडावर यातली तीन दुखणी एकदम असू शकतात. म्हणून तपासणीशिवाय कुणी ठाम सांगू लागला, की मला त्याची भीती वाटते.

रोगानं झाडाचा वासही बदलतो. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं, की ग्रीनिंग झालेलं झाड मिथाइल सॅलिसिलेट हे द्रव्य जास्त सोडतं. मुका मार लागल्यावर आपण जे मलम चोळतो, त्याला वास येतो तो याच द्रव्याचा. झाड आपल्या दुखण्यात हा वास सोडतं आणि सायला त्या वासावर येते. ती येऊन बसते, पिते. पण तो रस सत्त्व हरवलेला असतो. तिचं भागत नाही. थोड्या काळानं ती उठते आणि निरोगी झाडाकडं जाते. आजारी झाडानं बोलावून घ्यायचं आणि आजारी झाडानंच हाकलून लावायचं. यापेक्षा चांगली सोय जिवाणूला कुणी करून दिली नसती. यात कुणाचा काही बेत नाही, हे मला कळतं. झाड आपलं दुखणं सोसतं, किडा आपली तहान भागवतो, जिवाणू जिथं वाट मिळेल तिथं सरकतो. तिघांपैकी एकालाही बागेचं वाईट चिंतता येत नाही. बाग तरीही जाते.

आणि ती जाते आहे हे कळायला उशीर होतो. रोग लागल्यापासून झाडावर खूण दिसेपर्यंत कित्येक महिने, कधी काही वर्षं जातात. पण २०१५ साली फ्लोरिडातूनच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की वाहक सायलेनं नवतीवर लाळ सोडल्यावर पंधरा दिवसांच्या आत तीच नवती तिच्या पिलांना रोग द्यायला तयार होते. झाड वरून हिरवंगार असतं, मालक समाधानानं बांधावर उभा असतो आणि त्या शेंड्यावर पुढची पिढी पिऊन तयार होत असते. फ्लोरिडात सायला १९९८ साली सापडली, रोग २००५ साली. त्याआधी, २००३-०४ च्या हंगामात, तिथं संत्र्याच्या २४ कोटींवर पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ मध्ये दोन कोटीही निघाल्या नाहीत. वादळांचा वाटा त्यात आहेच, पण वादळानं पडलेली बाग पुन्हा लावता येते.

सायलेला संत्राच लागतो असं नाही. आपल्या परसातला कढीपत्ता तिला फार आवडतो, कुंपणाची कुंतीही. कढीपत्त्यात हा जिवाणू तग धरत नाही, पण सायला धरते, तिची वंशावळ तिथं वाढते. म्हणून बागेच्या बांधावर कढीपत्ता लावण्याआधी दोनदा विचार करावा. घरापुरता असेल तर त्याच्या शेंड्यांवर लक्ष ठेवावं. त्याच शेंड्यांवर कधीकधी एक अगदी बारीक गांधीलमाशी फिरताना दिसते, सायलेहूनही लहान. तिचं नाव टॅमॅरिक्सिया. ती सायलेच्या पिलाखाली अंडं घालते. तिची अळी ते पिल्लू खालून, बाहेरूनच शोषून संपवते आणि वाळलेल्या कवचाला भोक पाडून बाहेर पडते. ती मूळची आपल्याच उपखंडातली. १९७८ साली ती रियुनियन बेटावर नेऊन सोडली आणि तिथल्या बागांत सायला आवाक्यात आली. आपण मात्र सरसकट फवारे मारून सायलेच्या आधी तिलाच संपवतो. नवती फुटायच्या वेळी, किडीची पातळी बघून, गरजेपुरतं औषध मारणं आणि दर आठवड्याला बाग धुऊन काढणं, यांत मोठं अंतर आहे. ते अंतर फवारणाऱ्यानं ओळखलं नाही, तर बागेत फक्त सायला उरते.

पण माझं खरं सांगणं सायलेविषयी नाहीच. ती दोन किलोमीटर जाते. डोळा भरलेलं एक आजारी कलम ट्रकमध्ये बसून एका रात्रीत चारशे किलोमीटर जातं. कुठल्याशा झाडाचा गोड फळासाठी नाव कमावलेला डोळा काढायचा, जंबेरीच्या रोपावर बांधायचा, हजारो रोपं करायची आणि मृग लागला की वाटून टाकायची, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. ते करणाऱ्यांच्या बोटांतली कला मी पाहिली आहे, तिच्याविषयी मला आदर आहे. पण त्या डोळ्यात काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ज्या गावात रोग नव्हता, तिथं तो बहुतेक वेळा माणसाच्या हातानं पोचतो. सायला नंतर त्याला बागभर नेते. झाडांचे रोग वाहणाऱ्यांची यादी कुणी करायला बसलं, तर पहिलं नाव आपलं लिहावं लागेल.

उपाय अवघड नाही, फक्त सावकाश होणारा आहे. आजारी झाडाच्याही कोंबाचं अगदी टोक, मिलिमीटरच्या काही दशांशांएवढं, बहुधा स्वच्छ असतं, कारण तिथं रसवाहिन्या अजून तयारच झालेल्या नसतात आणि जिवाणूला यायला वाट नसते. ते टोक भिंगाखाली कापून घेऊन त्याचं सूक्ष्म कलम करतात, ते झाड तपासतात, आणि सायला शिरू शकणार नाही अशा जाळीघरात मातृवृक्ष म्हणून वाढवतात. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था हे काम करते आणि अशा मातृवृक्षांपासूनची कलमं शेतकऱ्यांना देते. ती उघड्यावरच्या कलमांपेक्षा महाग पडतात, नंबर लावून थांबावंही लागतं. ज्यानं आपली दहा वर्षांची बाग वाळताना पाहिली आहे, त्याला तो खर्च मोठा वाटत नाही.

तेव्हा या मृगाला कुणी संत्रा, मोसंबी, लिंबू लावणार असाल, मग ते पाच एकर असो की अंगणातलं एक झाड, तर कलम हातात घेण्याआधी विचारा: डोळा कुठल्या झाडाचा, ते झाड जाळीखाली आहे का, त्याची तपासणी कधी झाली. उत्तर मिळालं नाही तर ते कलम तिथंच ठेवा आणि एक बहार थांबा.